काकवीचा वास आणि ल्यूसीनचा ठिपका

ग्लायसिन गोड लागतं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, जिभेवर ठेवून सांगते. प्रयोगशाळेत काहीही चाखायचं नसतं हा पहिला नियम, आणि तो मी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मोडला. ल्यूसीन कडवट लागतं. ग्लुटामिक आम्लाचं मीठ म्हणजे डिंडोलीच्या नाक्यावर चायनीजचा गाडीवाला नूडल्सवर चिमूटभर टाकतो ती पांढरी पूड. सिस्टीन चाखायची हिंमत झाली नाही, त्याचा वासच पुरेसा होता.

मी मंगला. सुरतेतल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात तीस वर्षं लॅब टेक्निशियन होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. वडील अंमळनेरकडून लूमवर कामाला आले, नवागामात एक खोली घेतली, आणि मी अजून त्याच गल्लीत राहते. आपल्या मंडळाच्या अंकाचे संपादक म्हणाले, ‘कामाबद्दल लिहा, पण बायाबापड्यांना कळेल असं लिहा.’ मी म्हटलं, बायाबापड्यांना सगळं कळतं, सांगणाऱ्याला सांगता यायला हवं. आता बोलून बसले आहे, तर निभवायला हवं.

माझं काम होतं रक्तातली आणि लघवीतली अमिनो आम्लं ओळखणं. लघवी म्हटलं की लोक नाक मुरडतात. मुरडा! पण आत काय असतं ते बघा. माणूस, म्हैस, रेशमाचा किडा, हरभऱ्याचा दाणा, सगळ्यांची प्रथिनं वीसच अमिनो आम्लांची बनलेली असतात. वीस! आपली मुळाक्षरंसुद्धा याच्या दुपटीहून जास्त आहेत. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं होतं. ती पुढच्या स्टॉपला उतरली.

या विसांची बांधणी जवळजवळ एकसारखी. मध्ये एक कार्बन. कार्बनला चार हात. एका हाताला अमिनो गट, म्हणजे नायट्रोजनवाला. दुसऱ्याला आम्लाचा गट. तिसऱ्याला हायड्रोजन. आणि चौथ्या हाताला जे लोंबतं त्याला आम्ही लॅबमध्ये ‘शेपूट’ म्हणायचो. सगळी गंमत या शेपटात. ग्लायसिनला शेपूटच नाही, तिथंही नुसता हायड्रोजन. ॲलनीनला एका कार्बनचं आखूड शेपूट. फिनाइलॲलनीनच्या शेपटाला सहा कार्बनचं कडं. सिस्टीनच्या शेपटात गंधक, आणि केसात सिस्टीन भरपूर, म्हणून केस जळला की घर सोडून पळावंसं वाटतं. लायसिन आणि आर्जिनिनच्या शेपटावर धन भार, ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिकच्या शेपटावर ऋण. प्रोलीनचं शेपूट तर वळून स्वतःच्याच नायट्रोजनला धरून बसतं, त्यामुळे त्याचं सगळंच वेगळं.

आता तिघं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. व्हॅलीन, ल्यूसीन आणि आयसोल्यूसीन. या तिघांच्या शेपटाला फांदी फुटलेली असते. व्हॅलीनला लगेच बुडाशी दुफाटा. ल्यूसीनला जरा पुढे जाऊन टोकाशी. आयसोल्यूसीनमध्ये अणू अगदी ल्यूसीनएवढेच, तेच आणि तितकेच, फक्त फांदी एक घर अलीकडे. तेवढ्यानं नाव बदललं! आपलं शरीर ही तिघं स्वतः तयार करू शकत नाही, ती डाळीतून, दुधातून, अंड्यातूनच यावी लागतात.

शेपटावर भार असेल तर त्या आम्लाला पाणी आवडतं. शेपूट नुसत्या कार्बन-हायड्रोजनचं असेल तर ते तेलासारखं पाण्यापासून लांब राहतं. आमचा सगळा धंदा एवढ्यावर उभा. जाड टीपकागदाच्या तळाशी नमुन्याचा थेंब लावायचा, वाळवायचा, आणि काचेच्या बरणीत ब्यूटेनॉल, ॲसिटिक आम्ल आणि पाणी यांच्या मिश्रणात कागदाची कड बुडवून उभा करायचा. द्रव कागदावरून वर चढतो आणि अमिनो आम्लांना सोबत नेतो. पाण्याची आवड असणारी कागदातल्या ओलाव्याला चिकटून खालीच राहतात. पाण्याला भिणारी वरपर्यंत जातात. सिस्टीन, लायसिन तळाशी, ग्लायसिन त्यांच्या वर, मग ॲलनीन, त्याच्या बरंच वर व्हॅलीन, आणि सगळ्यात वर ल्यूसीन-आयसोल्यूसीन, दोघं इतकी सारखी की एकाच ठिपक्यात. पण हे सगळं चालतं अदृश्य. कागद कोराच दिसतो. मग त्यावर निनहायड्रिन फवारायचं, भट्टीत पाच मिनिटं ठेवायचं, दार उघडायचं, आणि कोऱ्या कागदावर जांभळे ठिपके! प्रोलीनचा तेवढा पिवळा. तीस वर्षांत मी ते दार हजारो वेळा उघडलं असेल, आणि प्रत्येक वेळी आत काय निघालंय ते बघायला मी पुढे वाकायचेच.

पहिल्या आठवड्यात मी मोठ्या ऐटीत कागद भट्टीतून काढला, तर नमुन्याच्या ठिपक्यांच्या बाजूला माझी पाच बोटं, रेघांसकट, जांभळी. घामातही अमिनो आम्लं असतात, आणि मी कागद उघड्या हातानं धरला होता. आमचे मोठे साहेब कागदाकडे बघून म्हणाले, ‘पेशंटला मंगलाबाई झालेल्या दिसतात.’ तो कागद मी घरी आणला. नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, पोलीस चौकीत देऊन ये.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार यायची. डिंडोलीत जिम चालवणारे एक भाऊ होते, शर्टाच्या बाह्या फाटतील असे दंड. ते प्रोटीन पावडरचा घागरीएवढा डबा घेऊन लॅबच्या दारात आले आणि आमच्या खानदेशी अहिराणीत म्हणाले,

‘ताई, हाऊ डबा असली शे का नकली, तेवढं सांगा.’

म्हटलं, ‘भाऊ, इथं माणसांची तपासणी होते.’

‘आठ पोरं हाई पावडर खातस, ताई. ती मानसंच शेतस ना?’

जेवणाच्या सुट्टीत मी चिमूटभर पावडर विरघळवून थेंब लावला. प्रथिन म्हणजे शेकडो अमिनो आम्लांची माळ. ती अख्खी माळ कागदावर चढत नाही, जिथं लावली तिथंच बसते. कागद भट्टीतून काढला तर बुडाशी फिकट डाग आणि वर, ग्लायसिनच्या जागी, पेरूएवढा जांभळा गोळा! सुटं ग्लायसिन, स्वस्तातलं, पावडरीत कालवलेलं. नायट्रोजन मोजणाऱ्या तपासणीला ते प्रथिनच वाटतं. भाऊंना कागद दाखवला. ते म्हणाले, ‘घर अजून चार डबा पडेल शेतस. त्यासनं काय करू?’ मी म्हटलं, गोड असतं, खीर करा. त्यांनी खरंच केली की काय ते मला ठाऊक नाही, पण नंतर ते पोरांना दूध आणि फुटाणे सांगायला लागले.

असं हसतखेळत चाललं होतं. माझी एक शिस्त मात्र कडक होती. लोक नमुना कशातही आणायचे. खोकल्याच्या औषधाची बाटली, मधाची बाटली, एकानं तर अत्तराच्या कुपीत आणला होता. आणि उसाचा हंगाम सुरू झाला की बारडोलीकडून येणारे लोक काकवीच्या बाटलीत. काकवी म्हणजे उसाचा रस आटवून गूळ होण्याआधीचा दाट पाक. बाटली कितीही धुतली तरी बुडाला थोडी राहतेच, आणि साखर असली की कागदावर ठिपके उठत नाहीत, ओघळ उठतात. दिवस वाया. म्हणून मी दारावर गुजराती, हिंदी, मराठी तिन्ही भाषांत पाटी लावली होती: जुन्या बाटलीतला नमुना घेतला जाणार नाही. परत पाठवलेल्या नमुन्यांची वेगळी वही होती आणि त्या वहीचा मला अभिमान होता. मोठे साहेब पाहुण्यांना ती वही दाखवायचे.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. हंगाम ऐन भरात. दुपारी चारला भटू नावाचा एक माणूस बाटली घेऊन आला. मूळचा शिरपूरकडचा, बारडोलीच्या बाजूला एका साखर कारखान्यात पाक आटवण्याच्या खात्यात कामाला. बायको संगीता पहिलटकरीण, मुलगी नऊ दिवसांची. दोन दिवसांपासून पोर दूध ओढेना, रडेना, मध्येच हातपाय ताठ करायची. सकाळी आमच्या बाळांच्या वॉर्डात आणली होती. आमच्या डॉक्टर मेघाबेन, सुरती, फार हुशार बाई, त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं: अमिनो आम्लं तपासा. वॉर्डातल्या बाटल्या संपल्या होत्या, म्हणून भटूला बाहेरून आणायला सांगितली होती.

मी झाकण उघडलं. काकवीचा वास! असा दाट, भाजलेल्या साखरेचा, की चुलाण्यापाशी उभी आहे असं वाटावं. माझं डोकं फिरलं.

‘काकवीच्या बाटलीत आणलंस ना? पाटी वाचता येत नाही?’

तो बिचारा घाबरला. त्यानं स्वतःचे हात हुंगले.

‘नवी बाटली शे, ताई. पन वास तं येस खरा. कारखानामा शे ना मी, मन्हा हातना असीन.’

म्हणजे तोही फसला. त्याच्या अंगाला तोच वास, कपड्यांना तोच वास, वस्तीला चार महिने तोच वास. नंतर कळलं, संगीताला बाळाच्या दुपट्यांना तो वास पाचव्या दिवसापासून येत होता. तिला वाटलं, बाहेर दोरीवर वाळत घातलीत, कारखान्याकडचा वारा लागला असेल. सासूलाही तेच वाटलं. सगळ्यांना येत होता आणि एकालाही वेगळा वाटला नाही.

मी वहीत लिहिलं, ‘नमुना दूषित, पुन्हा पाठवा,’ आणि बाटली मोरीत रिकामी केली. पोर दूध ओढत नव्हती, नळीनं जाईल तेवढंच, तिला लघवी कुठून होणार? दुसरा नमुना मिळायला सकाळ उजाडली.

दहा वाजता भटू परत आला. रात्री इस्पितळाच्या नळावर अंघोळ केलेली, अंगावर कुणाचा तरी मागून आणलेला धुतलेला शर्ट. मी झाकण उघडलं. पुन्हा काकवी! मी तोंड उघडणार एवढ्यात त्यानं पिशवीतून दुसरी बाटली काढली, तशीच, पण रिकामी.

‘तुम्ही परत धाडशात म्हनीसन दोन लिधात, ताई. एक भरेल शे, एक कोरी. वास कोना शे ते तुम्हीच देखा.’

मी कोरी बाटली हुंगली. नुसतं प्लास्टिक. भटूचा हात पुढे ओढून हुंगला. साबण. भरलेली हुंगली. काकवी.

तेव्हा कुठे आठवलं. परीक्षेसाठी मी पाठ केलेलं होतं: एक आजार असा आहे की लघवीला मेपल नावाच्या झाडाच्या पाकाचा वास येतो. आजाराचं नावच त्या पाकावरून पडलंय. आता सुरतेत कुणी पाहिलाय तो मेपल? शिकवणाऱ्यांनी पाहिला नव्हता, आम्ही पाहिला नव्हता. पूर्ण मार्क मिळवले आणि वास नाकाशी आला तेव्हा बाटली मोरीत ओतली. साध्या भाषेत कुणी ‘काकवी’ असं लिहून ठेवलं असतं तर!

एक झटपट चाचणी असते. नमुन्यात एक नारिंगी द्रव घालायचा. ल्यूसीन मंडळींचा अर्धवट तुटलेला माल लघवीत साठला असेल तर नळीत पिवळट गढूळपणा येतो. मी द्रव घातला. पाच मिनिटं थांबायचं असतं. दोन मिनिटांतच नळी फोडणीच्या ताकासारखी पिवळी झाली. मी नळी हातात घेऊन जिन्यानं वर धावले, चप्पल लॅबमध्येच.

काय होत होतं ते सांगते. दुधातल्या प्रथिनांतून ती फांदीवाली तिघं शरीरात येतात. गरजेपुरती वापरून उरलेली मोडीत काढावी लागतात. आधी नायट्रोजन काढायचा, मग उरलेला सांगाडा तोडायचा. दुसऱ्या पायरीचं एन्झाइम या मुलीत जन्मतःच बिघडलेलं होतं. तिघांचा माल साठत होता, त्यातून तो वास येत होता, आणि ल्यूसीन मेंदूला सूज आणत होतं. आणि पोर सुस्त आहे म्हणून सगळे काय करत होते? आणखी दूध पाजत होते. वॉर्डात नळीनं, त्याआधी घरी संगीता बोंडल्यानं, थेंब थेंब.

मी वॉर्डात शिरले तेव्हा संगीता काचेपाशी उभी होती, शेजारी तिची सासू. मला कोण आनंद झाला होता! सापडलं होतं! मी दारातूनच ओरडले, ‘मेघाबेन, दूध बंद करा! आईचं दूध विष आहे तिला, विष!’

‘मंगलाबेन, धीमे बोलो,’ मेघाबेन म्हणाल्या, आणि माझ्या हातातून नळी घेऊन उजेडाकडे धरली. मग त्याही धावायला लागल्या.

पुढचे काही दिवस असे गेले. दूध बंद, शिरेतून ग्लुकोज. पोटात नळी घालून द्रव भरायचा, काढायचा, म्हणजे रक्तातलं साठलेलं बाहेर येतं. रक्ताचा नमुना पक्क्या तपासणीसाठी मुंबईला गेला. तिकडूनच एक खास पावडर मागवली, तिच्यात ही तिघं सोडून बाकीची अमिनो आम्लं. आणि मी रोज सकाळी थेंबभर रक्त घेऊन कागद लावायचे. पहिल्या दिवशी भट्टीचं दार उघडलं तर सगळ्यात वर ल्यूसीनचा ठिपका अंगठ्याएवढा, जवळजवळ काळा, खाली व्हॅलीनचाही तसाच. दुसऱ्या दिवशी जरा लहान. तिसऱ्या दिवशी मी कागद हातमोज्यात धरून वॉर्डात नेला आणि मेघाबेनना दोन्ही शेजारी शेजारी दाखवले. चौथ्या दिवशी करंगळीच्या नखाएवढा. त्या दिवशी पोर रडली. वॉर्डातल्या परिचारिका एकमेकींना बोलावून तिचं रडणं ऐकवत होत्या.

सातव्या दिवशी व्हॅलीनचा ठिपका शोधावा लागला. मेघाबेन म्हणाल्या, आता फारच कमी झालं, ही तिघं मिळाली नाहीत तर पोर वाढणार कशी? थोडी द्यायला हवीत, मोजून. संगीताला छाती दुखू नये म्हणून रोज दूध काढायला सांगितलं होतं, ते वॉर्डातल्या फ्रिजमध्ये होतं. त्यातलं दहा मिली नळीनं दिलं. मी कागद लावला, ठिपका ठीक. मग वीस मिली, मग तीस. माझ्या कागदावर बघून दुधाचं माप ठरत होतं! तीस वर्षांत यापेक्षा मोठा मान मला मिळाला नाही.

पोर जगली. रोशनी नाव ठेवलं. चालायला उशीर झाला, उजवा पाय अजून किंचित ओढते. डाळ, दूध, पोळी सगळं मोजून खाते, पावडर पिते.

त्या उजव्या पायानं मला बारा वर्षं झोपू दिलं नाही. दुपारी चार ते सकाळी दहा, अठरा तास. पहिली बाटली मी मोरीत ओतली नसती तर? मेघाबेनना विचारलं, त्या म्हणाल्या, असं कुणी सांगू शकत नाही. मी नमुने परत पाठवायची पद्धत बदलली. वास आला की आधी वासाचं नाव वहीत लिहायचं, मग चाचणी, मग शिस्त. पुढे कागद आणि बरण्या जाऊन मशीन आलं, रक्ताच्या वाळलेल्या थेंबातून काही मिनिटांत आकडे देतं. चांगलंच आहे, मुलं वाचतात. पण भटू-संगीताला मी अठरा तासांबद्दल कधी सांगितलं नाही. धीर झाला नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा ठरवलं, छापून येण्याआधी त्यांना सांगायचं. कारखाना सोडून ते आता इच्छापोरला राहतात, भटू तिथं एका कंपनीत ठेक्यावर आहे. मागच्या महिन्यात रविवारी गेले. भटू बाहेर गेला होता. रोशनी पुढच्या खोलीत अभ्यास करत होती, तिचा धाकटा भाऊ तिची पट्टी पळवत होता. चहा झाल्यावर मी संगीताला सगळं सांगितलं. मोरीचं, वहीचं, अठरा तासांचं. सांगताना मला रडू आलं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘ताई, तुम्ही अठरा तास मोजतस. मी नऊ दिन पाजं तिले. मन्हं दूध विष व्हतं ना?’

मला कळेचना. म्हटलं, ‘असं कोण म्हणालं?’

‘तुम्हीच. वॉर्डमा. समदासनी आयकं.’

मग एकेक बाहेर आलं. सासूनं ते वाक्य घरी नेलं, गावी नेलं. ‘मी पयलेच सांगेल व्हतं, हिना दूधमा खोट शे.’ धाकटा मुलगा झाला, तपासणीत अगदी निरोगी निघाला, तरी त्याला आईच्या अंगाला लागू दिलं नाही. बकरीच्या दुधावर वाढवला. पान्हा फुटायचा आणि संगीता न्हाणीत जाऊन पिळून टाकायची. आणि तिला स्वतःलाही ते खरंच वाटत होतं. बारा वर्षं मी मोरीतल्या बाटलीचा विचार करत होते आणि माझ्या ओरडण्याचा मी एकदाही विचार केला नव्हता. मी ते विसरूनच गेले होते!

मी तिचा हात धरला. म्हटलं, ‘संगीता, तुझ्या दुधात काहीही खोट नव्हती. जगातल्या सगळ्या आयांच्या दुधात ती तिघं असतात. माझ्या होती, तुझ्या सासूच्याही होती. रोशनीला ती मोडता येत नव्हती, एवढंच. मी चुकीचं बोलले. आणि सातव्या दिवसापासून तिला नळीनं दूध दिलं ना, ते कुणाचं होतं माहीत आहे?’

‘पावडरनं.’

‘पावडर वेगळी. दूध तुझं होतं. तू काढून ठेवलेलं. दहा मिली, वीस मिली, तीस. रोज माझ्या कागदावर मी बघत होते. ते मिळालं नसतं तर पोर वाढली नसती.’

ती उठली आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या सासूला आत बोलावलं, ‘आत्याबाई, मझार या. ताई काय सांगी ऱ्हायन्यात ते आयका.’ सासू आता सत्तरीची, कान जड. ती दाराशी येऊन टेकली.

मी माझ्या आईच्या बोलीत सांगितलं, ‘माय, तुन्ही सूनना दूधमा काहीच खोट नव्हती. मीच वंगाळ बोलनू. रोशनी तिनाच दूधवर वाढेल शे.’

‘कोना?’ म्हातारीनं कानाला हात लावला.

‘तिना! संगीताना!’

म्हातारीनं सुनेकडे मान वळवली. रोशनीनं वही मिटली होती. संगीता पदरानं डोळे पुसत म्हणाली, ‘परत सांगा, ताई. मोठ्यानं सांगा.’

मी परत सांगितलं. शेजारच्या दोन बाया ओट्याजवळ येऊन उभ्या होत्या, त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.